अर्ध्या कोयत्याची खाट

लंकाबाईचा दिवस पहाटे चारला उजाडायचा, तोही घशात आंबट पाणी येऊन. रात्रभर ती पाचटाच्या झोपडीत, कोपीच्या कुडाला पाठ टेकून बसल्या बसल्या झोपायची. आडवं झालं की छातीवर निखारा ठेवल्यागत जळायचं.

पाथर्डीकडून राहुरीला ऊसतोडीला आलेली ही जोडी. नवरा भागवत तोडायचा. ती वाकून मोळी बांधायची आणि डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रॅक्टरवर चढायची. वाकलं की पोटातलं वर यायचं. कमरेला कळ नको म्हणून उपाशीपोटी काळ्या चहाबरोबर दुखण्याची गोळी घ्यायची, ही टोळीतल्या बायांची रीत. जळजळ वाढली की वर चिमूटभर सोडा.

एकदा मोळी टाकून ती बांधावर ओकत बसली. टोळीचा मुकादम भागवतला म्हणाला, "तुजा आज अर्धाच कोयता हाय रं."

तोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मजुरी मात्र नवऱ्याच्या हातात. सगळे हसले. भागवतही हसला. ते लंकाबाईनं पाहिलं.

राहुरीच्या डॉक्टरांनी सांगितलं की पोटातलं आम्ल घशापर्यंत चढतंय. दुखण्याची गोळी बंद, रात्रीचं जेवण लवकर, जेवल्यावर वाकायचं नाही, खाट उशाकडून उंच करून झोपायचं. लंकाबाई भडकली.

"ऊस उभ्यानं कसा बांधत्यात, तेवढं सांगा. आन् खाट कुठली? आमी भुईवर झोपतो."

डॉक्टर म्हणाले, वाकणं माझ्या हातात नाही, गोळी तुमच्या हातात आहे.

ते खरं होतं. तिनं गोळी सोडली. दिवसभर कमर बोंबलायची, छाती जरा निवली. पण आडवं होणं काही जमेना.

हंगाम संपला. मुकादम भागवतच्या हातावर हिशेबाचे पैसे ठेवणार, तोच मध्ये तिचा हात आला.

"मी अर्धा कोयता ना? मंग अर्धं हितं ठिवा."

भागवत पुटपुटला, लोक काय म्हणतील.

"माजं जळत हुतं तवा लोक हसत हुते. तुमी बी."

मुकादमानं अर्धे पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले.

त्या पैशांतून पाथर्डीच्या बाजारातून लोखंडी खाट घरी आली. उशाकडच्या पायांखाली तिनं दोन-दोन विटा सारल्या. दुपारी भागवतच खाटेवर पसरला आणि खाली घसरतोय म्हणून कुरकुरला.

"उतरा," लंकाबाई म्हणाली. "ही अर्धी न्हाई. पुरी माजी हाय."