जुळलेल्या दोन प्रती

लॅपटॉपचं वायफाय कार्ड गेलं म्हणून शहागंजच्या बाजारातून दुसरं आणलं. दुकानदार म्हणाला, "लगा लो साब, चल जाता." लावलं. बटण दाबल्यावर काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: हे कार्ड अधिकृत नाही, काढून टाका. यंत्र तिथंच थांबलं. लॅपटॉप आमचा, कार्ड आमचं, आक्षेप कंपनीचा.

लॅपटॉप खरं तर बायकोचा. ती दहावीच्या मुलांना संध्याकाळी ऑनलाइन गणित शिकवते. कार्ड गेल्यापासून वर्ग फोनवर चालले होते आणि फोनवर भूमिती शिकवता येत नाही. तिने काढलेली स्पर्शिका मुलांना वर्तुळातच गेलेली दिसे. परीक्षा तोंडावर आली होती.

"सोमवारपासून मला लॅपटॉप पाहिजे," ती म्हणाली. "जमणार नसेल तर आत्ताच सांगा."

यूएसबीला लावायचं वायफाय बाजारात मिळतं. ते आणलं असतं तर प्रश्न सुटला असता. पण ती तडजोड झाली असती. कार्ड नाकारणारा प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, लॅपटॉपच्या बोर्डावरच्या एका छोट्या चिपमध्ये असतो. तो पुसून त्या जागी कुणालाही वाचता-बदलता येणारं खुलं फर्मवेअर भरता येतं. त्यासाठी लॅपटॉप उघडायचा, चिपला आठ दातांचा चिमटा लावायचा आणि एका बाहेरच्या उपकरणातून नवं फर्मवेअर लिहायचं. उपकरण मी मागवून ठेवलेलंच होतं. मेव्हणा बजाजनगरला राहतो; त्याने आणि आम्ही एकाच मॉडेलचे लॅपटॉप एकदमच घेतले होते. दिवाळीत त्याला मी ऐकवलं होतं की तू पैसे देऊन कंपनीची गुलामी विकत घेतलीस. तो म्हणाला होता, "असू द्या दाजी, चालू तर हाय ना."

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर काम सुरू केलं. सूचना स्पष्ट होत्या. आधी जुन्या फर्मवेअरची प्रत काढा; दोनदा काढा आणि दोन्ही जुळतात का पाहा. ही अट मला फार आवडली. आयुष्य वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेलं. दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय आकडा छापायचा नाही, हे मी नव्या लोकांना शिकवत आलो. दोन प्रती काढल्या. शेवटच्या अक्षरापर्यंत जुळल्या.

पुढची सूचना अशी होती की कंपनीच्या फर्मवेअरमधला एक बंद तुकडा जुन्या प्रतीतून काढून नव्यात घालावा लागतो. त्याच्याशिवाय यंत्र उठत नाही. तुकडा काढणाऱ्या प्रोग्रॅमने कळवलं, असा तुकडा सापडत नाही. आपल्या मॉडेलमध्ये कंपनीने तो घातलाच नसावा, असा अर्थ मी लावला. बातमी सोयीची होती, म्हणून तिचा दुजोरा मागितला नाही. चिमटा थोडा सैल वाटला म्हणून दाबून बसवला आणि नवं फर्मवेअर लिहिलं. बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. पडद्यावर आता आक्षेपाची ओळसुद्धा नव्हती.

घाबरण्याचं कारण नव्हतं, जुनी प्रत होती. ती प्रथमच उघडून पाहिली. वरपासून खालपर्यंत एकच अक्षर होतं: एफ. म्हणजे कोरं. प्रती काढताना चिमटा चिपला टेकलाच नव्हता आणि उपकरणाने दोन्ही वेळा इमानदारीने कोरेपणच टिपलं होतं. दोन बातमीदारांचे आकडे फारच तंतोतंत जुळले तर दोघंही जागेवर गेलेले नाहीत असं समजावं, हेही मी नव्या लोकांना शिकवत आलो होतो.

"झालं का?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे झालं नाही." ती बाहेर आली, टेबलावरचा उघडा लॅपटॉप पाहिला आणि काही न विचारता भावाला फोन लावला. "तुझा लॅपटॉप घेऊन ये."

मेव्हणा तासाभरात आला. मी हकिकत सांगितली. तुझ्या चिपमधून फक्त प्रत घ्यायची आहे, लिहायचं काहीच नाही, हे दोनदा सांगितलं.

"म्हंजी गुलामाकडून उसनं घ्यायचं व्हय?" तो म्हणाला. त्याने लॅपटॉप मांडीवरून हलवला नाही. "दाजी, तुमचं लई ऐकलं मी. पण याला पेचकस लावायचा नाय. मला कामावर लागतो."

"बरं," बायको म्हणाली. "नको उघडू देऊ. मग हाच ठेवून जा. परीक्षा होईपर्यंत मी यावर शिकवते."

बहिणीने मागितल्यावर नाही म्हणायची सोय त्याच्या घरात नाही. त्याने लॅपटॉप मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "उघडा. पर मी हितंच बसतो. आन् चिमटा मी धरतो."

त्याने चिमटा दाबून धरला. प्रत काढली आणि या वेळी जुळवण्याआधी वाचली. मजकूर होता. कंपनीचा बंद तुकडा त्यात जागच्या जागी होता. तो काढला, नव्या फर्मवेअरमध्ये बसवला आणि ते फर्मवेअर बायकोच्या लॅपटॉपच्या चिपवर लिहिलं. मेव्हण्याने आधी स्वतःचा लॅपटॉप बंद करून, चालू करून पाहिला आणि मगच चहाला हात लावला.

बायकोच्या लॅपटॉपचा पडदा उजळला. शहागंजचं कार्ड कुणी हटकलं नाही. आमचं यंत्र मुक्त झालं होतं. फक्त त्या मुक्तीला कंपनीचा एक तुकडा लागत होता, आणि तोही मेव्हण्याचा.

सोमवारी तिचा वर्ग वेळेवर सुरू झाला. पडद्यावर वर्तुळ आलं, त्याला एकाच बिंदूत स्पर्श करणारी रेषा आली. "मॅडम, आज नीट दिसतंय," कुणीतरी म्हणालं. "नवीन घेतला का?"

"नाही रे," ती म्हणाली. "भावाने दुरुस्त करून दिला."

मी शेजारच्या खोलीत होतो. खुलासा पाठवला नाही.