तीन नंबरची तक्रार

पाणी खात्याच्या तक्रार कक्षात तीन टेबलं होती आणि तीन फोन. तिसऱ्या टेबलावर बसायची म्हणून तिला सगळे तीन नंबरच म्हणत. मोठी जलवाहिनी फुटली त्या महिन्यात फोन खाली ठेवायची फुरसत नव्हती. लोक ओरडायचे, बापसुद्धा काढायचे आणि ही गोड आवाजात म्हणायची, "पत्ता सांगा." मध्येच उठणं म्हणजे कामचुकारपणा, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं. आता बघा, पाणी खात्यात बसून बाई दिवसभर तहानलेली! घरी आई काही सांगू लागली, तर उत्तरादाखल नुसतं "हं, हं."

एका दुपारी, शंभरावर फोन झाल्यावर, पुन्हा घंटी वाजली.

"अगं, मी न्हाणीघरात पडले. पाय उचलत नाहीये."

"पत्ता सांगा."

पलीकडे होती तिची आई. साहेब शेजारी उभे असतील असं समजून बिचारीनं मुकाट्यानं पत्ता सांगितला.

"तक्रार नोंदवली आहे. अठ्ठेचाळीस तासांत माणूस येईल. धन्यवाद."

फोन ठेवून तिनं चिठ्ठी पहिल्या टेबलावर सरकवली. तिथल्या बाई म्हणजे खात्यातलं जुनं खोड, प्रत्येक चिठ्ठी वाचल्याशिवाय पुढे सोडायच्या नाहीत.

"अगं, हा तुझ्याच घरचा पत्ता ना? आणि तक्रार काय, तर पाय उचलत नाही?"

तिनं चिठ्ठी ओढून घेतली आणि स्वतःचंच अक्षर पुन्हा पुन्हा वाचत राहिली. बाईंनीच तिच्या हातात पर्स कोंबली. "पळ! तुझे फोन मी घेते. साहेबांचंही मी बघते."

आई भिंतीला टेकून बसली होती, घोटा टम्म सुजलेला. लेकीला बघून म्हणाली, "लवकर आलीस गं. मी दोन दिवस धरून चालले होते." ही तिच्या मांडीत तोंड खुपसून हमसाहमशी रडली.

नशीब, नुसता मुरगळला होता. दुसऱ्या दिवशी बाई साहेबांपुढे उभ्या ठाकल्या. "पंपालासुद्धा आपण बंद करून तेल घालतो. या पोरींना कधी घालायचं?" साहेब कुरकुरले, पण ऐकलं. दर तासाला एकीनं दहा मिनिटं उठायचं, उरलेल्या दोघींनी तिचे फोन घ्यायचे. सुरुवातीला तीन नंबर उठायचीच नाही, बाई तिला दंडाला धरून उठवायच्या.

बाई निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. पहिल्या टेबलावर हीच बसते, नाव मात्र अजून तीन नंबरच. बाईंचे उपकार फिटायचे नाहीत, असं ती येईल त्याला सांगते. त्यांनी ती चिठ्ठी न वाचताच पुढे ढकलली असती तर, या विचारानं अजून तिच्या अंगावर काटा येतो.

आपली दहा मिनिटं आली की ती खिडकीशी जाते, ग्लासभर पाणी पिते आणि आईला फोन लावते.

"पत्ता सांगू का?" आई रोज विचारते.

"नको," ती म्हणते. "तू बोल, मी ऐकतेय."