यंत्रानं माफी का मागावी?

विचार करणारं, घाबरणारं, दुखणं कळणारं यंत्र कथेत जन्माला घालायचं, शेवटच्या पानावर त्याचं बटण बंद करायचं आणि वर त्याला सुखान्त म्हणायचं. असं लिहिणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?

कळंबला आमच्या कॉलेजात दर शनिवारी विज्ञानकथा मंडळ भरतं. मी, मोहसीन, सारिका आणि मराठीचे सर, एवढेच. पण चौघांतसुद्धा किस्से इतके साचलेत, की ते कुणाला ऐकवल्याशिवाय माझं डोकं शांत व्हायचं नाही.

*

मोहसीनच्या कथेत नळदुर्गच्या ढाब्यावर एक यंत्र रात्रंदिवस भाकरी थापतं. त्याला चटका कळतो, कंटाळाही कळतो. मी विचारलं, याला विश्रांती कधी? मोहसीननं मान डोलावली, वही घरी नेली आणि पुढच्या शनिवारी एक वाक्य वाढवून आणलं: 'यंत्र आनंदी होतं.'

*

परग्रहावरच्या यंत्रांना हक्क मिळाले तर सरांची काही हरकत नाही. "पण आपल्या तालुक्यात दाखवू नका. सवय बिघडते."

कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

एकदा मतदान घेतलं. विचार करणाऱ्या यंत्राला 'नाही' म्हणायचा हक्क असावा का? सारिकाचा हात वर गेला नाही. मी चिडलो, तिला लेक्चरच दिलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"मंगळवारी मला बघायला पाहुणे येणारेत. मला कुणी विचारलं न्हाय. आधी माझा नंबर लागू दे की."



*

यंदा माझं शेवटचं वर्ष. वार्षिकांकात छापून यायची ही शेवटची संधी. माझ्या कथेत उडदाची मळणी करणारं यंत्र मालकाला म्हणतं, पोळ्याला तुम्ही बैल जुंपत नाही, मग मलाही आज सुट्टी द्या. मालक नकार देतो. यंत्र जागचं हलत नाही. संपली कथा.

सर म्हणाले, शेवटी यंत्रानं माफी मागितली तरच छापू. मी म्हणालो, मागणार नाही. मग ते म्हणाले, असली मागणी गावात कुणाला पटेल? मी तिथल्या तिथं अख्खी कथा मोठ्यानं वाचली.

खिडक्या लावायला आलेले शिपाईमामा दाराशी थांबून ऐकत होते. त्यांच्या घरी अजून बैलजोडी आहे. सरांनी त्यांनाच विचारलं, "सांगा मामा, यंत्राचं चुकलं की नाही?"

मामांनी सरांकडं बघितलंच नाही. मला म्हणाले, "पोळ्याच्या आदल्या सांजंला, बैलाचं मळत्यात तसं, लोणी-हळद लावून त्या यंत्राचं खांदं मळलं व्हतं का न्हाय मालकानं?"