फोटोला चीक येत नाही

"मोडून बघितलं का?"

झाडाचा फोटो हातात घेतला की सरांचा पहिला प्रश्न हाच. मी नाही म्हणायचो. मग ते खिशातून भिंग काढायचे, फोटो उजेडाकडे धरायचे, बराच वेळ मान हलवायचे आणि शेवटी म्हणायचे, "गोत्तिल्ल." म्हणजे माहीत नाही. सोलापुरात एवढं कानडी टांगेवाल्यालाही कळतं. पण भर उन्हात माळ तुडवून काढलेल्या फोटोवर हे ऐकलं की माझं डोकं फिरायचं.

माझा छोटा फोटो स्टुडिओ होता आणि सर जवळच्याच शाळेत सायन्स शिकवायचे. एकदा ते दुकानासमोर सायकलवरून उतरले आणि काचेतल्या एका नवरानवरीच्या फोटोकडे टक लावून बघत राहिले. मला वाटलं, नवरी नात्यातली असेल. आत येऊन म्हणाले, "हिच्या मागं काय उगवलंय?" मागे माळ होता आणि माळावर निवडुंगासारखं काहीतरी. फोटो मीच काढलेला, पण ते झुडूप मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

माळावरच्या जाड, रसाळ झाडांचं त्यांना वेड होतं. निवडुंग, शेर, कांडवेल, माकडशिंग. आणि त्यांना गाडी लागायची. एस.टी. जकात नाक्याच्या पुढे गेली की पोट ढवळायला सुरुवात. त्यामुळे ज्या झाडांवर जीव टाकला, ती या माणसाने बहुतेक फोटोतच पाहिली. आता हसावं की रडावं, तुम्हीच सांगा. गावोगावच्या लग्नांना जाणारा मी त्यांच्या आयताच हाती लागलो.

"शेजारी काडेपेटी ठेवत जा," ते बजावायचे, "म्हणजे उंची कळते." वऱ्हाडी जेवायला बसलेले असायचे आणि मी मांडवामागे झुडपापुढे काडेपेटी मांडून उकिडवा. लोक मला खुळ्यात काढायचे. मलाही कधीकधी तसंच वाटायचं.

काळ्यापांढऱ्या फोटोत मला सगळी झाडं सारखीच दिसायची. एकदा चिडून म्हणालो, "सर, इतका स्वच्छ फोटो आहे. अजून काय पाहिजे?"

"फोटोला चीक येत नाही की हो," ते शांतपणे म्हणाले. "निवडुंग मोडला तर पांढरा चीक येतो. पोटात गेला तर माणूस आडवा. माकडशिंग मोडलं तर नुसतं पाणी, आणि ते लोक खातात. कोवळेपणी फोटोत दोघं सख्खे भाऊ."

मग बहात्तरचा दुष्काळ आला. लग्नं थांबली. दुष्काळी कामांचे फोटो काढायला सरकारी कचेरीने मला बार्शीच्या पुढे एका माळावर धाडलं. तिथे बायामाणसं खडी फोडत होती. खायला सरकारी सुकडी आणि अमेरिकेहून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, आणि तोंडी लावायला माळावरच्या कसल्याशा कोवळ्या कोंबांची भाजी. मी गेलो त्याच्या आदल्या दिवशी ती भाजी खाऊन दोन मुली आजारी पडल्या होत्या. ओठ सुजले होते, पोटात काही ठरत नव्हतं. मुकादमाने भाजीच बंद केली होती.

मुलींची आई मला म्हणाली, "भाजी सोडली तर ही कोरडी भाकर गळ्याखाली उतरंना झालीया. इतकी वरसं खाल्ली, काय झालं न्हाय. तुमच्या वळखीचं कोन शिकल्यालं असंल तर इचारा की."

मी काडेपेटी ठेवून फोटो काढला. सरांनी तो तीन दिवस पाहिला. भिंगातून, आरशात, लांबून, जवळून. एकदा म्हणाले माकडशिंग, तासाभराने म्हणाले निवडुंग, आणि चौथ्या दिवशी गोत्तिल्ल.

"अहो, तिकडे लोक वाट बघताहेत," मी वैतागलो.

"खा म्हटलं आणि चुकलो, तर पोरी जातील. नको म्हटलं आणि चुकलो, तर उपाशी माणसाच्या तोंडचा घास काढला." एवढं बोलून ते उठले, आणि दुसऱ्या दिवशी नाकाशी लिंबू धरून माझ्याबरोबर एस.टी.त बसले. वैराग येईपर्यंत दोनदा ओकले. मला फार वाईट वाटलं.

माळावर पोचताच ते सरळ झुडपाशी गेले आणि कोंब मोडायला लागले. पहिल्याला पांढरा चीक. दुसऱ्याला पाणी. तिसऱ्याला पाणी, चौथ्याला चीक. झुडूप एकच. सर गोंधळले, मी तर पार गोंधळून गेलो. "उन्हाने चीक आटला असेल," मी म्हणालो. "गप्प बसा," सर म्हणाले. एवढं कडक ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

मग ते चक्क पालथे झोपले आणि एकेक कोंब मुळापर्यंत चाचपत गेले. उठले तेव्हा कोपरं काट्यांनी सोलली होती. "दोन आहेत," ते म्हणाले. "शेरडं खातात म्हणून माकडशिंग निवडुंगाच्या काट्यात लपून वाढतंय. तुमच्या फोटोत दोघं गळ्यात गळे घालून उभे आहेत."

बाया गोळा झाल्या. आजारी मुलीही आईला धरून येऊन उभ्या राहिल्या. सरांनी सगळ्यांदेखत एक कोंब मोडला, पाणी दाखवलं आणि तोंडात टाकून चावला. मी देवाचं नाव घेत होतो, कारण यांनी नक्की कुठला उचलला हे मला काही केल्या कळेना.

तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, "मोडून बगितल्याबिगर कोन तोंडात घालतंय? पांढरं आलं की टाकायचं. पोरींनी न बगता तोडलं आसंल."

"आजी, मग मुकादमाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"मला इचारलं कुनी?"

सरांनी हात जोडले. "आजी, तुम्ही मला तीस वर्षांपूर्वी भेटायला पाहिजे होतं." मुकादमाने त्याच दुपारी भाजी सुरू केली, आणि कोंब आधी म्हातारीला दाखवायचे असं ठरलं.

परतताना वैरागला सर पुन्हा उतरले, ओकले, तोंड पुसत म्हणाले, "हे माकडशिंगाचं नाही हं. एस.टी.चं."

त्यानंतर ते कधी नाक्यापलीकडे गेले नाहीत. तीनचार वर्षांनी गेले ते एकदम गेलेच. त्यांच्या सूनबाईंनी फोटोंचा डबा माझ्याकडे आणून दिला. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने झाडाचं अंदाजाने लिहिलेलं नाव, आणि खाली एकच वाक्य, "मोडून पाहिलेले नाही." शंभरेक फोटो मी उलटून पाहिले. आपण या माणसावर किती चिडायचो, याची लाज वाटली.

तळाशी बार्शीकडचा तो फोटो होता. मी अजूनही तो अधूनमधून काढून बघतो. त्यातला भाऊ कुठला आणि वैरी कुठला, मला आजही सांगता येत नाही. मागे मात्र सरांनी लिहिलंय, "दोन्ही मोडून पाहिले. एक खाल्ले. चव कडसर, पण छान."