समुद्राचा पडदा

आमच्या भाऊजींना, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला, देवानं हाडं मजबूत दिली, आवाज गोड दिला, पण घरात बायको म्हणून एक माणूस असतं हे सांगायचं राहूनच गेलं. नाव लटारू. वैनगंगेकाठच्या ढिवराचा पोरगा. जाळं फेकावं, शिंगाडे काढावेत, रोवण्याच्या दिवसांत दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबावं, एवढं केलं असतं तरी माझ्या बहिणीचा, चंदाबाईचा, म्हणजे आमच्या बाईचा, संसार सुखाचा झाला असता. पण याला लागलं नाटकाचं याड.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. वडशाच्या एका कंपनीत भाऊजी पडदे ओढायला राहिले, ते म्हातारे होईपर्यंत. दिवाळीला जे घरातून जायचे ते होळीला उगवायचे. नट नाही, गवई नाही, पेटीवाला नाही, पडदेवाला! आणि रुबाब मात्र असा की मालकाला नसेल. म्हणायचे, "साधनाबाई, पडदा टायमावर नाई पडला त मेलेला राजा उठून बिडी पेटवतानी लोकायले दिसते. कंपनीची इज्जत माह्या हातात हाये." मी म्हणायची, "अन् घरची इज्जत कोनाच्या हातात हाये?" त्यावर नुसते हसायचे. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं, सांगा.

त्या सगळ्या पडद्यांत त्यांचा जीव एकाच पडद्यावर. समुद्राचा पडदा. ज्या पेंटरनं तो रंगवला त्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता, म्हणून समुद्राच्या काठावर पळसाची झाडं होती आणि खडकावर एक बगळा. पण लाटा मात्र निळ्याशार, आणि मधोमध पांढऱ्या शिडाचं जहाज. तो पडदा उघडला की पब्लिक शिट्ट्या मारायचं. लग्न झालं तेव्हा भाऊजींनी बाईला त्या पडद्यापुढं उभं करून सांगितलं होतं, "चंदे, खराखुरा समुद्र दाखवीन तुले. अशाच जहाजात बसवीन." बोलाचीच कढी! समुद्र राहू द्या, बाईला त्यांनी कधी नागपूर दाखवलं नाही.

पुढं कंपन्यांनी रंगवलेले पडदे काढून टाकले आणि कॉम्प्युटरवर छापलेले आणले. भाऊजींची गरज सरली. मालक म्हणाला, तुला हवा तो पडदा घेऊन जा. ते समुद्र घेऊन आले. दोन खोल्यांचं घर, त्यात त्या पडद्यासाठी वेगळी बाज. कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेला, वरून चादर. कोणी ओल्या हातानं जवळ गेलं की ओरडायचे. त्याचे रंग सरसात कालवलेले, पाणी लागलं की गेले. बाई त्याला सवत म्हणायची. आधी हसून म्हणायची, मग नुसती म्हणायची.

यंदा भादव्यात रात्रंदिवस पाऊस लागला. बाईला ताप होता, ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. कौलं सरकली आणि छत गळायला लागलं. घरात ताडपत्री एकच. माझ्या भाऊजींनी ती उचलली आणि पडद्यावर घातली! मग एक पातेलं आणून बाईच्या उशाशी ठेवलं. नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडपलं तर दाद मागायची कोणाकडे, असं म्हणतात. इथं मारलं नाही, पण मारलं असतं तर बरं, असं बाई म्हणाली. ताप उतरला त्या दिवशी तिनं पिशवीत दोन लुगडी भरली आणि माझ्याकडे आली. माझं गाव त्यांच्या गावाच्या वर, आरमोरीच्या अंगाला, त्याच नदीच्या काठी.

"जीव जात होता माहा, अन् हा मानूस कपड्याले झाकून राह्यला," एवढं एकदाच बोलली. नंतर त्या घराचं नाव नाही. भाऊजींनी दोनदा निरोप पाठवला, एकदा स्वतः आले, अंगणात बसून चहा पिऊन गेले. ही आतून बाहेर आली नाही. मला वाटलं, संपलं आता. या वयात घर मोडलं तर जोडायला कोण येणार? मी अंगणवाडीत शिकवते, पोरांची भांडणं मिटवते, पण माझ्या बहिणीपुढं माझं काही चालेना.

तेवढ्यात माझ्या दिव्यानीनं मालवणहून व्हिडिओ पाठवला. लेक आणि जावई सुट्टीत समुद्रावर गेले होते. लहानशी शिडाची नाव, हे दोघं त्यात बसलेले, मागं किनारा, वारा असा की पोरीचं बोलणंच ऐकू येईना. बाईनं तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल! माझ्या मोबाईलची बॅटरी तिनंच संपवली. शेवटी म्हणाली, "नशीब लागते बाप्पा," आणि तांदूळ निवडायला बसली. मला इतका राग आला! मी मागच्या अंगणात जाऊन भाऊजींना फोन लावला, व्हिडिओचं सांगितलं आणि जे तोंडात येईल ते बोलले. मी फोन ठेवून दिला.

कार्तिकातली सकाळ होती. धान पिवळं झालं होतं, काठावर कापणीला माणसं लागली होती. मी नदीवर भांडी घेऊन गेले तर घाटाला दोन डोंगे, लहान लाकडी होड्या, लागलेले, बांबूनं एकमेकांना बांधलेले. मधे एक उंच बांबू, त्याला आडवी काठी, आणि काठीला गुंडाळलेलं काहीतरी. भाऊजी काठावर बसून होते. खालून इथवर वल्हवत आले होते; अंगरखा घामानं ओला.

"तिले सांगा," ते म्हणाले, "घरी चाल म्हनत नाई मी. नावेत बस, थोडं फिरवतो, अन् इथीच आनून सोडतो. माह्या घाटावर उतर म्हननार नाई. गंगामायची शपथ."

मी बाईला कशी आणली ते मलाच माहीत. आधी नाही म्हणाली, मग म्हणाली तू येशील तर येते. उकडलेले शिंगाडे पदरात बांधले आणि आम्ही निघालो. घाटावर येऊन तिनं बांबूकडे पाहिलं. भाऊजींनी दोर ओढला. आयुष्यभर तेच काम. वरची कप्पी कुरकुरली आणि काठी सर्रकन वर गेली. समुद्र उघडला! पडदा मोठा म्हणून दुहेरी घडी केलेली, तरी अर्ध्या लाटा, ते जहाज आणि बगळा दिसत होता.

"हिले बी आनलं काय संग?" बाई म्हणाली. "सवतीच्या पदराखाली बसू मी?"

"तिच्या भरोशावर तुले फिरवाचं हाये," भाऊजी म्हणाले. "शीड कुठून आनू दुसरं?"

"दुधाची तहान ताकावर," बाई पुटपुटली, पण बसली. पडद्याकडे पाठ करून बसली.

उत्तरेचा वारा होता. खाली बंधारा झाल्यापासून आमच्या नदीला धार जाणवत नाही, पाणी तळ्यासारखं पसरलेलं असतं. पडदा फुगला आणि दोन्ही डोंगे आपोआप चालू लागले. वल्हं नाही, आवाज नाही. मी ढिवराची लेक, ढिवराची सून, जन्म नदीवर गेला, पण नुसतं बसून मी कधी नदीतून गेले नव्हते. नाव म्हणजे जाळं, नाव म्हणजे मासळीची टोपली, नाव म्हणजे पाठ दुखणं. आज हातात काही नाही! मी तर पाय पसरले. काठावरचे बगळे उडाले, रेतीवर बदकं बसली होती ती हललीसुद्धा नाहीत.

धान कापणाऱ्यांनी आम्हाला पाहिलं आणि विळे टाकून काठावर धावले. "लटारूभाऊ, नाटक कोनत्या गावाले हाये वो?" एक ओरडला. दुसरा म्हणाला, "हिरोइन म्हातारी भेटली काय?" बाईनं वळून त्याला असं काही सुनावलं की ते मी इथं लिहू शकत नाही. पण परत वळली तेव्हा तोंड थोडं हसरं होतं. तिनं हात पाण्यात सोडला. मग शिंगाडे सोलायला लागली. एक मला, एक स्वतःला. भाऊजींना नाही.

"साधना," ती हळूच म्हणाली, "दिव्यानीची नाव बी अशीच चालत होती काय वो?"

"अशीच," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

मोठ्या वळणाशी वारा पडला. पडदा ढिला झाला आणि त्याची खालची कड नदीत गेली. मी ओरडले, "भाऊजी! पडदा! दोर ओढा!" दोर त्यांच्या हाताशीच होता. नुसता एक हिसका द्यायचा. पण ते मागच्या टोकाला वल्हं धरून बसले होते, तसेच बसून राहिले. कापडानं पाणी वर चढवलं. थोड्या वेळानं वारा परत आला, पडदा फुगला आणि त्यातून निळं पाणी टपकायला लागलं. माझ्या हातावर, बाईच्या डोक्यावर, पाठीवर, पांढऱ्या केसांतून गालावर. लाटा ओघळल्या, त्यांच्याबरोबर बगळा गेला, जहाजाचं पांढरं शीड निळ्यात मिसळलं. "माय वो!" बाई म्हणाली आणि पहिल्यांदा पडद्याकडे तोंड करून बसली.

भाऊजी पडद्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर बाईवर होती.

डाव्या हाताला त्यांचा घाट दिसू लागला. चिंचेखाली धुणं धुणाऱ्या बाया, वाळत टाकलेली जाळी, वरच्या अंगाला यांच्याच घराची कौलं. नवी कौलं बसवलेली मला दुरूनच दिसली. बाईलाही दिसली असणार, कारण ती एकटक पाहत होती. आता हा माणूस म्हणेल, चाल चंदे, उतर. म्हणावं, असं मला वाटत होतं. आणि म्हटलं तर ही उसळेल, अशी भीतीही होती. पण त्यांनी शपथ घेतली होती. वल्हं जरा तिरकं केलं असतं तर नाव काठाला लागली असती. त्यांनी तिरकं केलं नाही. घाटाकडे मान वळवली नाही. घाट आला, बाया हात हलवून हसल्या, आणि घाट मागं पडायला लागला.

तेव्हा बाई बोलली. बऱ्याच दिवसांनी त्यांच्याशी थेट बोलली.

"पान्यानं रंग जाते, हे मालूम नोतं तुमाले?"

"अख्खी जिंदगी पडदेच ओढले मी," भाऊजी म्हणाले. "मले मालूम नसन त कोनाले असन?"

"मंग काऊन आनला?"

ते पहिल्यांदा अडखळले. "पावसाच्या त्या दिवशी मी पाह्यलंच नाई तुले," ते म्हणाले. "कपड्याकडेच पाहून राह्यलो. तू गेली, अन् मंग मी पडद्याच्या त्या बाजीकडे पाहात बसलो रोज. हा घरात असता त तू आली नसती. अन् आली असती तरी कोन्या तोंडानं म्हनलं असतं मी, ये?"

खरं सांगते, इतके दिवस या माणसाला मी पाण्यात पाहिलं होतं, पण त्या वेळी मला त्यांची दया आली. दयाच नाही, मला त्यांचा मान वाटला. तो पडदा म्हणजे त्यांच्या हयातीची कमाई होती; दुसरं काही त्यांनी कमावलंच नव्हतं.

बाई उठली. हलत्या नावेत उभी राहिली, दोर सोडला आणि काठी खाली घेतली. ओला पडदा दोन्ही हातांनी गोळा करू लागली. त्याला हात लावायची तिला कधी परवानगी नव्हती, त्यामुळे घडी कशी घालतात तेही तिला येत नव्हतं. नुसता गोळा करून मांडीवर घेतला. उरलं होतं ते डागाळलेलं जाडं कापड, आणि कोपऱ्यात एक पळस.

"राहू दे वो," भाऊजी म्हणाले. "लुगडं खराब होते तुझं."

"झालं ते झालं," बाई म्हणाली. गालावर निळे ओघळ, केस निळे, आणि ती मागं पाहत होती, चिंचेकडे. शीड उतरल्यावर नाव नुसती तरंगत उभी राहिली. "घाट मांगं राह्यला," ती म्हणाली. "आता काय समुद्रापर्यंत नेता मले? फिरवा."

भाऊजींनी वल्हं उचललं, पण डोळ्यांत पाणी इतकं की कुठं मारावं ते त्यांना दिसेना. नाव जागच्या जागी गिरकी घ्यायला लागली. शेवटी बाईनं पडदा माझ्या मांडीवर टाकला, पुढचं वल्हं घेतलं, आणि त्यांच्या घाटाकडे नाव वळवली.