कोयनेच्या दवाखान्यातली तोंडी परीक्षा

सांगलीहून सकाळची एस.टी. धरली तेव्हा मी स्वतःवर जाम खूश होतो. रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांची, अर्थांसकट, मी लिहिलेली छोटी पुस्तिका थेट कोयनानगरला पोचली होती. तिथे बोगद्यात काम करणाऱ्या दगडूचे पत्र आले होते. त्याची बायको सोनाबाई हिला धरणाच्या दवाखान्यात मदतनिसाची जागा मिळण्यासारखी होती. पण नर्सबाई केरळच्या, त्यांना मराठी येईना. त्यांनी दोनदा इंग्रजीत विचारले तेव्हा सोनाबाई घाबरून गप्प राहिली. आता ही शेवटची संधी होती. 'एकदा येऊन तिची तयारी बघा,' असे दगडूने लिहिले होते.

कराडला गाडी बदलली. पाटणच्या पुढे वळणावळणांनी सकाळचा चहा घशाशी आला, तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्याने निमूटपणे खिडकीची जागा दिली.

दगडूच्या पत्र्याच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली जेवायला बसलो. सोनाबाईला वाचता येत नाही. दगडू पुस्तिका मोठ्याने वाचतो, ती ऐकून पाठ करते. ताटात भाकरी आणि कोरड्यास, म्हणजे कालवण, होते. मी मीठ मागितले.

"इंग्रजीत मागा, गुरुजी," दगडू म्हणाला. "मराठीत मागितलं तर आमच्यात ताटात काय पडत न्हाई."

"सॉल्ट," मी म्हणालो. मीठ आले. मग ठेचा हवासा वाटला आणि मी अडकलो.

"आवं, पुस्तकात न्हाई व्हय?" सोनाबाईने हसत विचारले. नव्हता. तिने दया येऊन वाढला. लय झणझणीत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू आणि मी दवाखान्याच्या दाराशी उभे राहिलो. नर्सबाई म्हणाल्या, "हॉट वॉटर." सोनाबाई पदराचे टोक मुठीत धरून जागची हलेना. दगडूने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात एक म्हातारा मजूर लंगडत, कण्हत आत आला. "व्हेअर? लेग? बॅक?" नर्सबाई विचारू लागल्या. त्याला त्यातले काही कळेना. सोनाबाई पुढे झाली.

"कुठं दुखतंय, आबा?"

"गुडघ्यात. कालपास्नं."

ती वळली. "नी. यस्टर्डे." आणि कुणी पुन्हा न सांगता गरम पाणी आणि कापूस घेऊन आली. आबांचा गुडघा शेकून झाल्यावर नर्सबाई तिला म्हणाल्या, "टुमारो, सेव्हन ओक्लॉक."

"काय म्हणाल्या गं?" दगडूने दारातूनच विचारले.

"उद्या सातला याया सांगितलंय. कामावर." एवढे बोलून ती पायरीवर बसली आणि रडू लागली. दगडू तिच्या शेजारी बसून राहिला.

परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली, पण बाहेर लक्ष लागेना. वीस वर्षे मी इंग्रजी शिकवतो आहे. शब्दांना मार्क मिळताना पुष्कळ पाहिले. त्या शब्दांनी कुणाचे दुखणे कमी झालेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले, आणि मला फार बरे वाटले.