साहेबाच्या कमानीला गेलेले माझे नेचे

माझ्या नेच्यांची पानं साहेबाच्या कमानीला गेली, त्याचा राग मी अजून पोटात ठेवून आहे. लोक म्हणतात, म्हातारपणी राग सोडून द्यावा, जेवण पचतं. काऊन सोडू? ज्याच्यावर राग आहे तो माझा नवरा आता नाही, तरी मी त्याला इथं अरेतुरेच करणार आहे. तो होता तेव्हाही तोंडावर ‘तुमी’ आणि मनात अरेतुरे, असंच चालायचं.

नवरा जंगलखात्यात फॉरेस्टर होता. जिल्हा तेव्हा एकच, चांदा. राज्य मध्यप्रदेशाचं, ऑफिसात कागद हिंदीत यायचे. मूलच्या पुढं जंगलाच्या कडेला आमचं क्वार्टर होतं. भिंती सरकारी, खाट सरकारी, टेबल सरकारी. अंगणातला आंबासुद्धा खात्याचा, त्याच्या कैऱ्या तोडायच्या तरी नवरा इकडंतिकडं बघायचा. माझं माहेर आरमोरीचं, धानाच्या शेतीचं. तिथं परसात मी लावलेली झाडं होती. या घरात मात्र माझं म्हणावं असं काही नव्हतं, म्हणून मी नाल्याच्या काठावरून नेचे उपटून आणले.

‘नेचा’ हे नाव मला पुढं वाचनात कळलं. तेव्हा आम्ही त्याला नाल्यावरची झालर म्हणायचो. एक जात मोठ्या पानांची, कंगव्यासारखी कातरलेली. दुसरा हंसराज, काळ्या दोऱ्यासारख्या देठाचा. त्याच्या पानावर पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जातो, पान कोरडंच. फुटक्या मडक्यांत विटांचे तुकडे घातले, वर बांबूच्या बेटाखालची काळी कुजकी माती, आणि लावले. पहिल्या उन्हाळ्यात सगळे जळाले. चांद्याचा उन्हाळा तुम्हाला माहीत असेल तर मी काय सांगू, आणि नसेल तर सांगून कळणार नाही.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा आणून लावले, आणि तळ्यावरची एक ढीवर बाई माझ्याकडे मासे घेऊन येऊ लागली. ओसरीवरची मडकी बघून ती म्हणाली, “बाई, हे झाड उन्हाचं नाई अन् कोरड्याचंबी नाई. पान्याच्या रांजणाखाली ठेवा. अन् मासे धुतलेलं पानी फेकता काऊन? त्याले टाका ना.”

मी तसंच केलं. रांजण पाझरायचा, त्याच्या तिवईखाली मडकी मांडली. समोर गोणपाट टांगलं, ते दिवसातून तीनदा भिजवायचं. आठवड्यातून एकदा मासे धुतलेलं पाणी. वास यायचा, खोटं काय बोलू. शेजारची कारकुनाची बायको नाकाला पदर लावून जायची. पण नेचे असे आले की बापा! तिसऱ्या हिवाळ्यात सात मडकी भरून सांडत होती. दुपारी काम आटोपलं की मी त्यांच्याजवळ पाट टाकून बसायची. एवढंच. कोणाला काय त्याचं?

नवऱ्याला होतं. त्याला एक दिवस पानामागं ओळीनं तपकिरी ठिपके दिसले. “कीड लागली,” म्हणाला, “सागाले लागते तशी.” तंबाखूचं पाणी करून त्यानं दोन मडक्यांवर शिंपडलंही. ती कीड नव्हती, नेच्याचं बियाणंच ते, दरवर्षी येतं. मी सांगितलं तर म्हणे, “जंगल मी पायतो का तू?” जंगल म्हणजे त्याच्या लेखी साग. कुपात, म्हणजे तोडीला आखून दिलेल्या जंगलात, साग मोजायचा, खुणा करायच्या, तोडायचा, की बुडापासून पुन्हा फुटतो. जगातलं सगळं हिरवं त्याला तसंच वाटायचं.

त्या हिवाळ्यात चांद्याहून मोठे साहेब यायचे ठरले. साहेबाचा दौरा म्हणजे काय, ते खात्यातल्या बायकांना विचारा. रेस्टहाऊसला कमी पडेल ते आमच्या घरांतून जायचं. कोणाची सतरंजी, कोणाच्या कपबशा, कोणाची कोंबडी. नवरा जेवता जेवता म्हणाला, “तुझी ती झाडं द्यावी लागतील. ऑफिसात सांगून आलो.”

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र! मला विचारलं नाही, सांगून आला. तरी मी हो म्हटलं. का म्हटलं याचाही मला राग आहे. मी अटी घातल्या: मडकी सावलीत ठेवायची, सकाळ-संध्याकाळ पाणी द्यायचं, तिसऱ्या दिवशी परत आणायची. तो “हो, हो” करत राहिला आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

बाजाराच्या दिवशी मी बाजारातून परत आले, तर ओसरीवर सात मडकी आणि सातही बोडकी. एक पान नाही. मातीसरसं कापलेलं. ऑफिसातला चपराशी विळा पुसत उभा होता, आणि पानांचे भारे बैलगाडीत चढले होते.

“हे काय करून राह्यला रे तू?” मी ओरडले. हातातली वांगी कुठं पडली, मला कळलं नाही.

त्या बिचाऱ्याचा चेहरा पडला. माझ्या नवऱ्याला ऑफिसात सगळे भाऊ म्हणायचे. “भाऊनंच सांगितलं, बाई. मडके कोन वाहीन म्हने. कमानीले पानंच लागते. बुडापासून काप, चांगला फुटवा येते म्हने.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच रेस्टहाऊसवर गेले. फाटकावर बांबूची कमान उभी केली होती, आणि तिच्यावर माझे नेचे सुतळीनं आवळून बांधत होते, भर उन्हात. हंसराजाची पानं तर चुरमडून गेली होती. नवरा शिडीजवळ उभा राहून ‘थोडं डावीकडं, थोडं डावीकडं’ करत होता. मला बघून त्यानं मान वळवली. चार माणसांदेखत मी काही बोलले नाही. हा माझा दुसरा राग.

संध्याकाळी साहेबाची जीप आली. धुळीचा लोट उडवत कमानीखालून सरळ आत गेली. साहेबानं वर पाहिलंसुद्धा नाही. तोवर कमानीवर हिरवं काही उरलं नव्हतं म्हणा, झाडूचा कुंचा बांधल्यासारखं दिसत होतं.

घरी आल्यावर मात्र मी तोंड उघडलं. तो म्हणाला, “एवढी काऊन बोंबलतेस? मुळं आहेत ना जिती? कुपात साग कापला तर दुसऱ्या पावसात पुरुषभर फुटते.”

“तो साग आहे! याले खोड तरी आहे का? याचा कोंब जिथून निघते, तिथीच विळा घातला तुमी!”

“पायजो, फुटंल,” म्हणाला, आणि आडवा झाला.

ढीवर बाईनं बोडकी मडकी पाहिली आणि कपाळावर हात मारला. मग म्हणाली, “ओल तुटू देऊ नोका, बाई.” मी तुटू दिली नाही. महिनाभर त्या काळ्या मातीवर पाणी शिंपडत राहिले. सातांपैकी तीन मडक्यांत गोगलगायीसारखे गुंडाळलेले कोंब वर आले. हंसराज सगळा गेला. चार मडक्यांतली माती मी उकरून पाहिली, आत नुसती कुजकी मुळं.

आणि नवरा! ते तीन कोंब बघून त्याला एवढा आनंद, जसा काही त्यानंच पाणी घातलं. “पाय! फुटले का नाई?” चार मेलेल्यांबद्दल चकार शब्द नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा, “आमची ही उगाच बोंबलत होती.” चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा दौरा निघाला. तोवर तिन्ही मडकी पुन्हा भरली होती. सकाळी दात घासता घासता तो म्हणाला, “औंदा बी आपल्याकडचं हिरवं लागंल.” लागंल! देशील का, नाही. द्यावं का, नाही. नुसतं लागंल.

तो कामावर गेला, ढीवर बाई मासे घेऊन आली. तिला म्हटलं, चाल माझ्यासंग. दोघींनी मडकी कमरेवर घेतली आणि नाल्यावर गेलो. काठाच्या ओल्या कपारीत, जिथं गुरांचं तोंड पोचत नाही, तिथं तिन्ही नेचे मातीच्या गड्ड्यासकट बसवले. तीन वर्षं जोपासलेलं आपल्या हातानं घराबाहेर काढायचं, म्हणजे काय गंमत आहे? ती बाई म्हणाली, “रडून राह्यले का, बाई?” मी म्हटलं, “नाई. संताप येऊन राह्यला.” रिकामी मडकी घेऊन आलो आणि ओसरीवर पालथी घातली.

दुपारी चपराशी विळा घेऊन आला. पालथी मडकी बघून घुटमळला.

“झाडं देनार नाई मी,” म्हटलं. “ऑफिसात जाऊन सांग, भाऊच्या बाईनं नाई म्हटलं. असंच सांग. एक शब्द इकडचा तिकडं करू नोको.”

तो गेला. दुसऱ्या दिवशी दिसला तेव्हा मी विचारलं, “सांगितलं का?”

“सांगितलं, बाई. भाऊले सांगितलं, तुमी बोलल्या तसंच.” मग त्यानं मान खाली घातली. “भाऊनं रेंजर साहेबाले सांगितलं, झाडं मेली म्हने. उन्हाळ्यात उन्हानं जळून गेली.”

मेली! तिकडं नाल्यावर जिवंत, पाण्याचे थेंब झेलत उभी होती, आणि यानं ऑफिसात बसून मारून टाकली. बायकोनं नाही म्हटलं, एवढे तीन शब्द बोलायला त्याची जीभ वळेना. सागाच्या चोरांना जंगलात एकटा पकडणारा माणूस हा.

रात्रीच्या जेवणाला तो पाटावर बसला. मी भात वाढला. त्यानं भाताला आळं केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “वरण दे.”

वरणाचं भांडं माझ्या गुडघ्याशी होतं.

“नाई,” मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. माझं ‘नाही’ त्यानं पहिल्यांदा स्वतःच्या कानानं ऐकलं. ते कोणाला जाऊन सांगायचं नव्हतं, आणि उन्हावरही ढकलता येत नव्हतं. तो कोरड्या भाताकडे बघत बसला, आणि मी त्याच्याकडे.